चेंडू मागे का बघत होता

दाजी,

तुमच्या दिवसकार्याला आलेली माणसं तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलत होती, की मला दोनदा वाटलं, आपण चुकून शेजारच्या घरी येऊन बसलो. कुणी म्हणालं, शांत माणूस होता. कुणी म्हणालं, उभ्या जन्मात कुणाला उलट शब्द बोलला नाही. मी हळूच ताईकडे बघितलं. ती पदर तोंडाशी धरून बसली होती. बायकांना वाटलं, हुंदका आवरतेय. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ, मला कळलं की ती हसू आवरतेय. तुमच्या उलट शब्दाशिवाय त्या घरात चहाला उकळी फुटत नसे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत.

मग वांगणीहून आलेले एक म्हातारबाबा बोलले. "छकड्यावर उभा राह्यला का वारासुद्दा बाजूला व्हायचा. असा गाडी हाकणारा परत होणार नाय. पण ऐन भरात सोडला त्यानं. का सोडला, देव जाणे."

सगळ्यांनी माना हलवल्या. देवाचं मला माहीत नाही, पण ताई जाणते आणि मी जाणतो. तिसरे जाणणारे तुम्ही, ते गेलात. आता आम्ही दोघंच उरलोय आणि आमचं दोघांचं त्यावर एकमत नाही.

म्हणून हे लिहायला बसलो. समोर असतात तर अर्ध्यावर तोडलं असतंत, "मेव्हणेसाहेब, पुरं झाला" म्हणून. तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाही. खुशीत असलात की मेव्हण्या, रागात असलात की मेव्हणेसाहेब. माझा मान तुमच्या रागावर चालायचा.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेचे, चाळीत वाढलेले. बैल आम्हाला माहीत होता तो पोळ्याच्या मातीचा. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी तुमच्या गावी, खरवईला आलो तो पांढरी बेलबॉटम घालून. गोठ्यात एक तांबडं वासरू होतं, चारही पाय एकदम उचलून उड्या मारणारं. मी शहरी माणसाच्या मायेनं त्याच्या पाठीमागून जाऊन शेपटीला हात लावला. पुढचं मला आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की मी शेणात बसलो होतो आणि तुम्ही दारातून ताईला हाक मारून सांगत होता, "अगं ये, चेंडूनं तुझ्या भावाला बसायला दिला."

तोच चेंडू. पुढे त्यानं कल्याणपासून कर्जतपर्यंत नाव काढलं. पण मला त्यानं जन्मभर त्या बेलबॉटमवरूनच ओळखलं असावं. मी गोठ्यात शिरलो की तो पाय बदलून उभा राहायचा.

भात कापून झालं, शेतं मोकळी आणि कडक झाली की तुम्हाला घरात बसवायचं नाही. कंपनीतली पाळी संपली की डबा सायकललाच, आणि तुम्ही मैदानात. दोन छकडे, एक लांब सरळ पट्टी, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. तुमचं छकड्यावरचं उभं राहणं मी कितीतरी जणांना सांगितलंय. गुडघे थोडे वाकलेले, डाव्या हातात कासरा, उजवा हात वर. बाकीच्यांच्या उजव्या हातात आर असायची, टोकाला खिळा ठोकलेली काठी. कुणी शेपट्या पिरगाळायचे, कुणी दातांनी चावायचे. तुमचा हात रिकामा. नुसता वर जायचा आणि तुम्ही घशातून एक हुर्रर्र काढायचात, की चेंडू सुटायचा. "माझा हात उघडा असतो," असं तुम्ही ज्याला त्याला पंजा दाखवून सांगायचात, जणू निवडणुकीला उभे आहात.

ताईला ते ऐकवायचं नाही.

"त्याला पळायला आवडतो," तुम्ही म्हणायचात.

"त्यानं सांगितलं का तुम्हाला?"

"तुला लगीन करायला आवडला, ते तू सांगितला होता का?"

"मला कुणी विचारलं होतं?" ताई म्हणायची, आणि भाकरी तव्यावर अशी टाकायची की तिचा आवाज यावा.

हा वाद मी इतक्या वेळा ऐकलाय की दोघांपैकी एक जण आजारी असता तर त्याची बाजू मी बोलून दाखवली असती. आणि त्या वादामुळेच तुम्हाला एक गोष्ट खटकायला लागली. एकदा मैदानावरून परत येताना म्हणालात, "सगळी दुनिया चेंडूला समोरून बघते रं. मला नुसता ढुंगण. देवानं मला शेपटाची नोकरी दिली. पळताना त्याचा तोंड कसा असतो, मला ठाऊकच नाय."

त्यावर तुम्ही काढलेला उपाय म्हणजे मी. पट्टीच्या शेवटाला एक माणूस उभा राहतो, हात पसरून, सुटलेल्या बैलांना आवरायला. त्या कामाला छाती लागते. तुम्ही मला उभं केलंत, कारण समोरून बघून खरंखोटं सांगणारा माणूस तुम्हाला घरातलाच हवा होता. माणूस निवडण्यात तुमची एवढी मोठी चूक दुसरी नसेल. दाजी, धूळ उडवत, जमीन हादरवत दोन जोड्या अंगावर येताना मी काय बघणार होतो? मी हात पसरायचो, कुलदैवताचं नाव घ्यायचो आणि डोळे गच्च मिटायचो. बैल बिचारे शहाणे, ते माझ्या बाजूनं निघून जायचे आणि पुढे आपले आपण थांबायचे.

तुम्ही धापा टाकत यायचात. "काय रं, तोंड कसा होता?"

"हसत होता," मी सांगायचो. किंवा, "कान टवकारलेले, नाक लाल, एकदम राजासारखा." एकदा म्हणालो, "त्यानं मला डोळा मारला."

तेव्हा ताईच म्हणाली, सगळ्यांदेखत, "त्याला काय विचारता? तो डोळे मिटून उभा असतो. मी बांधावरून बघते ना दर वेळी."

लोक किती हसले. तुम्हीही हसलात. मला वाटलं, सुटलो, आता दुसरा कुणी उभा करतील. पण पुढच्या शर्यतीला तुम्ही परत मलाच उभं केलंत आणि परत विचारलंत, तोंड कसा होता. मला वाटतं तुम्हाला माझ्या थापा हव्या होत्या. खऱ्याची तुम्हाला थोडी भीती असावी.

मग तो पिक्चर आला. त्याचं सगळं पाप माझं.

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये सेठच्या कापडाच्या दुकानात होतो. एक दिवस शूटिंगवाल्यांचा माणूस आला, शंभर-दीडशे फेट्यांचं कापड घ्यायला. बारवी धरणाच्या रस्त्याला गावातली शर्यत शूट करायची होती. त्यानं सहज विचारलं, कोणी चांगला बैलवाला ओळखीचा आहे का. सहज विचारलेल्या प्रश्नाला सहज उत्तर देणं मला जमत नाही. मी म्हणालो, "अपना घर का बैल है. चॅम्पियन. आप बोलो तो जीतेगा, आप बोलो तो हारेगा. सब सिखाया हुआ है."

तो माणूस गेल्यावर सेठ गल्ल्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "साईं, इतना फेंकता है, तो कभी दो थान भी बेच के दिखा."

तुम्हाला मी हरण्याबिरण्याचं सांगितलंच नाही. एवढंच सांगितलं, की चेंडूचं तोंड पडद्यावर दिसेल, पळताना, समोरून. तुम्ही भाकरीचा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "किती मोठा दिसंल?"

"घराएवढा."

त्या रात्री तुम्ही चेंडूची शिंगं तेल लावून चोळलीत.

शूटिंगच्या दिवशी कळलं की चेंडू खलनायकाचा बैल आहे आणि त्यानं हरायचंय. हिरोची जोडी कुठून तरी भाड्यानं आणलेली, अंगावर झुली, शिंगांना गोंडे, पोटं गुळाच्या ढेपेसारखी. शर्यत लागली. ती जोडी निघायच्या आत चेंडू पोहोचलेला. डायरेक्टर कट म्हणाला. परत. परत चेंडू पोहोचलेला. तुम्ही कासरा खेचून खेचून पालथे व्हायच्या बेताला आलात, आणि तुम्ही जितकं खेचाल तितकं त्याला वाटायचं, आज धनी खेळायच्या मूडमध्ये आहेत.

डायरेक्टर टोपी काढून माझ्याकडे आला. "आपने बोला था हारना सिखाया हुआ है."

तुम्ही छकड्यावरून माझ्याकडे असं बघितलंत, की हिंदी येत नसलेल्यालाही कळलं असतं. "मेव्हणेसाहेब, मी त्याला हरायला शिकवला कधी?"

इतक्यात एक मदतनीस पोरगा म्हणाला, सोपं आहे, पुढच्या पायाला बारीक तार बांधू, ठरल्या जागी खेचली की बैल पडेल, कॅमेऱ्यात तार दिसत नाही. तो हे अशा आवाजात म्हणाला, जणू टेबलाखाली पुठ्ठा घालायचा आहे. तुम्ही खाली उतरलात आणि चेंडूच्या मानेवरचं जू काढायला लागलात. मी मधे पडलो, हात जोडले, डायरेक्टरला म्हणालो, "साहेब, फेटा बदला ना. तोच जिंकतोय तर त्यालाच हिरोचा करा." त्यांच्या डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्या आयुष्यात मी दिलेला हा एकच उपयोगी सल्ला, आणि तो मी लगेच नासवला.

कारण हिरोचा बैल उजवीकडे दिसायला हवा होता, आधीचं काम तसं झालेलं. आणि चेंडू डावा. प्रत्येक पळणाऱ्या बैलाची एक बाजू असते, डावा तो डावीकडेच जुंपायचा, हे खरवईतलं शेंबडं पोर जाणतं. उजवीकडचा जोडीदार तुम्ही गावातून मागून आणायचात, पण चेंडूची जागा कधी हलली नव्हती. तुम्ही पाणी प्यायला गेला होतात. मी म्हटलं, दाजींचा त्रास वाचवू. मी जोडीची अदलाबदल करून चेंडूला उजवीकडे जुंपलं. हुशारीनं, एकट्यानं.

तुम्ही आलात, घाईत छकड्यावर चढलात, हात वर गेला. आणि चेंडू, त्याला मुळी पट्टीच दिसेना, तो आपली रोजची डावी बाजू शोधत तिरका निघाला, जोडीदाराला ढकलत, थेट जेवणाच्या मांडवात. माणसं दोन्ही अंगांना उड्या मारत होती. पुरीभाजीचं पातेलं आडवं झालं. मांडवाचं कापड तुमच्या अंगावर, त्यावर एक पिवळे बल्ब लावलेलं तोरण, आणि कापडाच्या आतून तुमचा आवाज, "कोनी जुंपला? कोनी जुंपला यो?"

विचारायची गरज नव्हती. सगळं युनिट माझ्याकडे बघत होतं. चेंडू तेवढ्यात पुऱ्या खात होता.

शेवटी त्यांनीच आपली बाजू बदलली. पुढे जीप, जीपमध्ये मागं तोंड करून कॅमेरा, आणि मागे छकडा. हिरोला छकड्यावर उभं राहता येईना, म्हणून त्याचा केशरी फेटा तुम्हाला बांधला आणि शेमला तोंडावरून घेतला. म्हणजे पडद्यावर दिसणार होता चेंडू, आणि त्याच्यामागे हिरोच्या वेशात तुम्ही. एका फटक्यात काम झालं. परत येताना तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात, पण फेटा काढला नव्हतात.

पिक्चर लागला तेव्हा अर्धी खरवई टेम्पोत बसून उल्हासनगरला आली. सेठही आले, बायकोला घेऊन, रुमालात शेंगदाणे बांधून. तो सीन यायच्या आधी मी आजूबाजूच्या अनोळखी लोकांनाही सांगून ठेवलं होतं, आता येतोय, आता येतोय.

आला, दाजी. खरंच घराएवढा. थिएटरात शिट्ट्या, नाणी, आरडाओरडा. "चेंडू, चेंडू" म्हणून पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. आणि त्या दिवशी मीही तो पहिल्यांदा बघितला, कारण पडदा अंगावर येत नाही. नाकपुड्या फुललेल्या, तोंडाला फेस, कान मागे पडलेले. आणि डोळा. डोळा पुढे नव्हता. बुबुळ मागच्या कोपऱ्यात गेलेलं, सगळा डोळा पांढरा. वर, त्याच्या पाठीमागे, केशरी फेटा आणि तुमचा उजवा हात. हात हलला की डोळा हलत होता.

मी वळून बघितलं. सगळ्या थिएटरात तुम्ही एकटे गप्प.

"परत बघू," तुम्ही म्हणालात. पुढच्या खेळाला आपण दोघंच बसलो. दुसऱ्या दिवशी पाळी बुडवून तुम्ही एकटे जाऊन आलात. त्यानंतर मला घेऊन स्टेशनबाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर थांबलात. ग्लास हातात, पीत नव्हतात.

"तो मागं बघत होता."

"तुमच्याकडे बघत होता, दाजी. आपला धनी पडला की काय, म्हणून."

"हाताकडं बघत होता."

"मायेनं बघत असेल."

"मेव्हणेसाहेब," तुम्ही म्हणालात, पण त्यात राग नव्हता, "मायेनं बघणाऱ्याचा डोळा पांढरा होत नाय."

 मग तुम्ही स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "मी कधी मारला नाय त्याला. एक चापट नाय. मंग हाताला का भ्याला?"

घरी आल्यावर ताईलाही तेच विचारलंत. ती तांदूळ निवडत होती. तिनं वाद घातला नाही, टोमणाही मारला नाही. सरळ म्हणाली, "शेजारच्या गाडीत काय चाललेलं असतं, ते तो बघत नसेल का? तुमचा हात उघडा आहे हे तुम्हाला माहीत. त्याला काय माहीत, आज उघडा आहे, उद्या त्यात काय असेल."

तुम्ही उठून बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी छकडा माळ्यावर गेला.

लोकांना वाटलं, कुणाशी भांडण झालं. कुणाला वाटलं, नवस आहे. चेंडू तेव्हा ऐन जोरात होता. तो मागायला माणसं यायची, गाडी करून, पेढे घेऊन. तुम्ही पेढे खायचात आणि नाही म्हणायचात. मी तर तुमच्यावर चिडलोच होतो. माझे रविवार गेले, माझ्या गोष्टी गेल्या. दुकानात सांगू काय? मी तुमच्याशी तावातावानं भांडायचो, की तुम्ही एका डोळ्यावरून न्याय केलात, कान काय म्हणत होते, पाय काय म्हणत होते ते बघितलंच नाही. घोडा मागे बघतो, कुत्रा मागे बघतो, चालताना मूलही आईकडे मागे वळून बघतं, ते काय भीतीनं? तुम्ही ऐकून घ्यायचात. मग म्हणायचात, "तू बोलतोस चांगला." याचा अर्थ मला पुरता ठाऊक होता.

एक गोष्ट मी बघितली होती आणि तिच्यावर कधी बोललो नाही. चेंडूसमोर तुम्ही उजवा हात वर करणं सोडलं होतंत. वळईवरचा पेंढा काढायचा तर डाव्या हातानं. डास हाकलायचा तर डाव्या हातानं. गोठ्यात शिरताना उजवा हात तुम्ही पाठीमागे धरायचात, शाळेत छडी खाऊन आलेल्या पोरासारखा. ताईही बघायची. तिच्या बाजूचा वाद ती जिंकली होती, पण त्या जिंकण्याचं तिला काही सुख झालेलं मी बघितलं नाही. उलट तीच मला एकदा म्हणाली, "मी तेव्हा बोलले नसते तर बरं झालं असतं का रे?" 

वर्षं गेली. खरवईच्या शेतांत प्लॉट पडले. चुन्याच्या रेघा, विटांचे ढीग, बिल्डरांच्या पाट्या. चेंडू म्हातारा झाला. गुडघे वाजायचे त्याचे, उठताना आधी मागचा भाग उचलून थोडा वेळ विचार करायचा.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती, मी खरवईला आलो होतो. तुम्ही बदलापूरला डॉक्टरकडे गेलेले. ताई म्हणाली, चेंडू वरच्या शेतात बांधलाय, तेवढा घेऊन ये. मी गेलो. दावं खुंटीवरून सोडलं आणि अर्थातच ते माझ्या हातातून सुटलं. मी म्हटलं, झालं, आता दाजी काय म्हणतील.

चेंडू उभाच राहिला. मान वर केली. आणि मग, दाजी, तो पळाला. माझ्यामागे कुणी नव्हतं, त्याच्यामागे कुणी नव्हतं. मी बाजूला उभा होतो, समोर नव्हतो, त्यामुळे डोळे मिटायचं मला काही कारणच नव्हतं. शेपूट उभं, मान पुढे, डोळा पुढे. सरळ विटांच्या ढिगापर्यंत गेला, वळला, आणि परत आला. माझ्यापाशी येऊन उभा राहिला, फुसफुसत. दमला होता.

मी पळत घरी आलो. तुम्ही नुकतेच आला होतात, गोळ्यांची पुडी हातात. मी सगळं सांगितलं. पण मी ते कसं सांगितलं असेन, ते मला आता कळतं. धापा टाकत, हातवारे करत, अगदी तसंच जसं मी तो डोळा मारल्याचं सांगितलं होतं.

तुम्ही पुडी खिशात ठेवली. "मेव्हणेसाहेब, त्याला गुडघे नायत आता. थापा मारायच्या तं दुसऱ्या कुणाच्या मार."

ताईही म्हणाली, "नको रे, ह्या गोष्टीची नको."

पण दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः त्याला वरच्या शेतात नेलंत. दावं सोडलंत आणि माझा हात धरून विटांच्या ढिगामागे लपलात. आपण दोघं, एक पन्नाशीचा, एक चाळिशीचा, विटांच्या फटीतून बैल बघतोय. चेंडूनं गवत खाल्लं. पुढे सरकला, अजून गवत खाल्लं. तुम्ही रोज जायला लागलात. प्लॉटवरच्या वॉचमनला वाटलं, विटा चोरताय. त्यानं तुम्हाला हटकलं तेव्हा तुम्ही त्याला खरं कारण सांगितलंत, आणि तेव्हापासून तो तुम्हाला बघून रस्ता बदलायला लागला.

चेंडू परत कधी पळाला नाही. एका उन्हाळ्यात पाणी पिऊन बसला तो उठला नाही. तुम्ही त्याला त्याच शेतात पुरलंत, बिल्डरशी भांडून.

पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी दर सुट्टीला यायचो. ताई चहा ठेवायला आत गेली की तुम्ही म्हणायचात, "ते सांग."

"काय?"

"विटांपाशी काय झाला ते."

मी सांगायचो. तुम्ही वकिलासारखे उलटतपासणी घ्यायचात. आधी कुठला पाय टाकला, दावं कुठं लोंबत होतं, वळला तेव्हा घसरला का. "गेल्या वेळी शेपूट आडवा बोललास." "नाही दाजी, गेल्या वेळीही उभंच म्हटलं होतं." तुम्ही छताकडे बघत राहायचात. पटलं की नाही, कळू द्यायचा नाहीत. मला वाटायचं, इतकी वर्षं या माणसाला मी इतकं खोटं खाऊ घातलंय, की आता खरं त्याच्या तोंडाला लागतच नाही.

एकदा मी सांगून संपवलं आणि तुम्ही काही विचारलं नाहीत. डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपलात. मग हळू आवाजात म्हणालात, "आज जरा लांबव ना. ढिगाच्या पुढं जाऊ दे त्याला. बारवीच्या रस्त्याला लागू दे."

दाजी, जन्मभर मी लांबवतच आलो. बारवीचा रस्ता काय, मी त्याला धरणाच्या भिंतीवरून पळवला असता. तोंडापर्यंत आलं होतं. तुमचा हात चादरीवर उघडा पडला होता, त्याकडे बघितलं आणि नाही जमलं.

"नाही दाजी," मी म्हणालो. "ढिगापाशीच वळला. म्हातारा झाला होता. तेवढंच पळाला."

तुम्ही डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिलात, बराच वेळ. ताई चहा घेऊन आली तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "याला साखर जास्ती टाक." आणि भिंतीकडे सरकून मला बसायला जागा करून दिलीत.

ताई अजून विचारते, त्यांना पटलं होतं का रे शेवटी. मी काय सांगू? एवढंच सांगतो, की त्या दिवसानंतर तुम्ही मला ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली नाहीत.